काचेमागचा साक्षीदार



या सदरात आजवर मुदत ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, जामीनकी अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळचा विषय त्या चौकटीबाहेरचा वाटेल, पण लेख पूर्ण वाचल्यावर तो तसा वाटणार नाही अशी आशा आहे.

दिवाळीनंतर आपल्या समाजातील अनेक घरांत नवी गाडी आली. गाडीबरोबर पुढच्या काचेमागे बसवायचा एक छोटा कॅमेराही आला. त्याला सर्वजण डॅशकॅम म्हणतात. तो बसवावा की नाही, असे काही वाचकांनी दूरध्वनीवरून विचारले. माझे उत्तर आरंभीच देतो. बसवावा. मात्र आपण खातेवही ज्या शिस्तीने ठेवतो, तीच शिस्त त्याला लावावी. ही अट मी का घालतो, यामागे एक घटना आहे आणि तीत दोष माझा आहे. ती पुढे सांगतो. प्रथम जमेची बाजू पाहू.

जमेची बाजू

मुकुटबन हे झरी-जामणी तालुक्यातील आमचे गाव. वणीकडे कोळशाच्या खाणी, गावालगत सिमेंटचा कारखाना, आणि हिवाळा लागला की कापसाची वाहतूक. ट्रक, टिप्पर, ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि विनादिव्याच्या दुचाक्या या सर्वांना रस्ता एकच. सायंकाळी सहानंतर वणीहून घरी परतणे ही परीक्षाच असते.

गतवर्षी माझा पुतण्या वणीच्या बाजारातून गाडी बाहेर काढत असताना एक दुचाकीस्वार चुकीच्या बाजूने येऊन मागच्या दारावर आदळला. त्यास खरचटले. पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसे जमली. चारचाकीवाला शेठ आणि पडलेला गरीब मुलगा, एवढे चित्र गर्दीला पुरेसे होते. दहा हजारांची मागणी झाली. पुतण्याने शांतपणे कॅमेऱ्यातील चित्रण त्या मुलाच्या वडीलधाऱ्या नातेवाइकास दाखविले. मुलगा उलट दिशेने आला होता, हे स्पष्ट दिसले. त्याचबरोबर आमच्या गाडीने वळताना दिवा दाखविला नव्हता, हेही ऐकू आले, कारण दिव्याची टकटक त्यात नव्हती. दोन्ही बाजू वरमल्या. पुतण्याने त्या मुलास दवाखान्यात नेऊन मलमपट्टीचा खर्च दिला आणि प्रकरण तेथेच मिटले. आपण लावलेला साक्षीदार आपल्याविरुद्धही बोलतो, हे त्या दिवशी आमच्या घरात सर्वांना कळले. माझ्या मते हा त्याचा पहिला लाभ होय. घरातील तरुण मुले त्यानंतर अधिक जपून गाडी चालवू लागली.

दुसरा लाभ याहून मोठा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांपैकी ६७,३८७ अपघातांत धडक देणारे वाहन पळून गेले आणि अशा अपघातांत ३०,४८६ जीव गेले. हिशेबाच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृताच्या कुटुंबास २ लाख आणि गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. वाहन सापडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे यांचा विचार करून भरपाई ठरते. कमावत्या माणसाच्या बाबतीत ती अनेकदा कित्येक पटींनी अधिक असते. एखाद्या विधवेचे पुढील आयुष्य एका ट्रकच्या क्रमांकावर अवलंबून असू शकते. तो क्रमांक मागून येणाऱ्या आपल्या गाडीने टिपलेला असेल, तर तो पोलिसांस देणे हे आपले कर्तव्यच आहे.

आपल्या समाजास या गोष्टीची निकड वेगळी सांगावयास नको. साधू-साध्वी महाराज पहाटे रस्त्याच्या कडेने अनवाणी विहार करतात आणि विहारातील अपघातांच्या वार्ता आपण वारंवार ऐकतो. विहारसेवेत मागे चालणाऱ्या वाहनास मागील बाजूचा कॅमेरा असणे उपयोगी आहे. अर्थात, दिवे लावून संथ चालणारे वाहन आणि परावर्तक पट्ट्या घातलेले सेवक यांनी अपघात टळतो. कॅमेरा केवळ अपघातानंतरचे सांगतो.

तिसरा लाभ धैर्याचा. रस्त्यावर पडलेल्या जखमीस उचलले तर आपल्यावरच बालंट येईल, या भीतीने भली माणसेही पुढे निघून जातात. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे निर्देश बंधनकारक केले आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ हे संरक्षण देण्यासाठीच घातले गेले. तरीही भीती कायद्याच्या पुस्तकाने जात नाही. ‘आपण आलो तेव्हा तो आधीच पडलेला होता’ हे दाखविणारा पुरावा गाडीत आहे, एवढ्या भरवशावर जर कोणी गाडी थांबवीत असेल, तर त्या यंत्राची किंमत वसूल झाली असे समजावे.

यंत्र आणि पुरावा

कॅमेऱ्याची कार्यपद्धती साधी आहे. गाडी सुरू झाली की चित्रण सुरू होते. एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे होऊन ते मेमरी कार्डावर साठतात. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसला जाऊन त्या जागी नवा येतो. ६४ जीबीच्या कार्डावर सर्वसाधारण प्रतीचे आठ-नऊ तासांचे चित्रण राहते. गाडीस जोराचा हादरा बसला की आतील संवेदक त्या वेळचा तुकडा वेगळा काढून कुलूपबंद करतो, म्हणजे तो आपोआप पुसला जात नाही. मात्र हलक्या धक्क्याने हे कुलूप लागेलच असे नाही. म्हणून काही घडल्यास तुकडा जपण्याची कळ स्वतः दाबावी आणि कार्ड काढून ठेवावे.

आपल्या विदर्भासाठी एक सूचना. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बंद गाडीत काचेमागे त्याहून कितीतरी अधिक. लिथियम बॅटरीचा कॅमेरा त्या तापात फुगण्याचा संभव असतो. कपॅसिटरवर चालणारा घ्यावा. कार्डही सतत लिहिण्या-पुसण्यासाठी बनविलेले, अधिक टिकाऊ जातीचे घ्यावे. कॅमेरा आरशाच्या मागे असा बसवावा की चालकाची दृष्टी अडू नये.

आता हे चित्रण न्यायालयात कसे टिकते, हे पाहू. आमच्या बँकेच्या नोकरीत १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखाली खात्याच्या उताऱ्यावर प्रमाणपत्र लिहून सही करावी लागे. मूळ खातेवही कोर्टात न नेता तो प्रमाणित उतारा पुरावा म्हणून चाले. प्रमाणपत्र नसलेल्या उताऱ्याची किंमत मात्र साध्या कागदाची. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचेही तसेच आहे आणि तो धडा आपल्या जालन्याने देशास दिला.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात श्री. अर्जुन खोतकर हे श्री. कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेण्यात आला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. चित्रणाच्या तबकड्या न्यायालयापुढे आल्या, पण कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही संबंधितांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवड रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालाने उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायम राहिला आणि त्याचबरोबर एक नियम पक्का झाला. ज्या यंत्रावर मूळ नोंद झाली, ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीस उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. केवळ प्रत हजर करावयाची असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करतात. ते त्या फाइलचे गणिती ठसे होत. फाइलमध्ये यत्किंचित फेरफार झाला तरी हे ठसे बदलतात. तात्पर्य, अपघातानंतर चित्रण मोबाइलवर घेऊन दहा ठिकाणी पाठविण्यात शहाणपण नाही. मूळ कार्ड कॅमेऱ्यासह बाजूला ठेवावे, त्याचे तारीख-वेळेचे टिपण करावे आणि पोलिसांकडे देताना पोच घ्यावी.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. चित्रण आपल्या विरुद्ध जाते असे दिसल्यावर ते पुसून टाकण्याचा मोह होतो. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. वह्या जाळल्याने कर्ज फिटत नाही, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागू नये.

नावेची बाजू

आता ती घटना.

गेल्या मार्गशीर्षात पुतण्या आणि मी एका लग्नाहून परतत होतो. दिवस मावळला होता. वळणावर एका ट्रकने बेदरकारपणे ओलांडून आम्हास रस्त्याखाली लोटले. थोडक्यात बचावलो. घरी आल्यावर पुतण्याने तो तीन मिनिटांचा तुकडा मित्रांच्या समूहावर पाठविला. ‘या रस्त्यावर काय चालले आहे पाहा’ एवढाच त्याचा उद्देश. तेथून तो पुढे गेला आणि तालुक्यात फिरला.

ट्रक त्या तुकड्यात अगदी शेवटी येतो. आधीची दोन मिनिटे रस्ता रिकामा आहे आणि त्या रिकाम्या रस्त्यावर माझा आवाज आहे. पुतण्या एका व्यापाऱ्यास उधारीवर माल देणार होता. त्याने विचारले, “काका, माणूस कसा आहे?” मी त्या गृहस्थांचे नाव घेऊन सांगितले की पूर्वी आमच्या शाखेत त्यांचे खाते अडचणीत आले होते, हप्ते थकले होते, नोटीस काढावी लागली होती. पुढे सांगणार होतो की नंतर त्यांनी पै न् पै फेडली. तेवढ्यात ट्रक आला. नंतरच्या आरड्याओरड्यात ते वाक्य राहूनच गेले.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि तो तुकडा लावला.

“साहेब, हा आवाज तुमचाच ना?”

“माझाच.”

“नोटीस आली तेव्हा मी तुमच्या केबिनमध्ये बसून रडलो होतो. तुम्हीच म्हणाला होतात, ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाणार नाही.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांना माल देणाऱ्या दोघांनी त्या आठवड्यात रोखीचा आग्रह धरला होता. ऐन हंगामात रोख मागणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस कळेल. व्यापाऱ्याची पत वीस वर्षांत बांधली जाते. ती माझ्या दोन मिनिटांच्या गप्पांनी खाली आली होती.

राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून रुजू होताना निष्ठा व गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम १३ मध्येच ते बंधन आहे. नोकरीभर मी ते पाळले, असा मला अभिमान होता. निवृत्तीनंतर, घरच्या गाडीत, घरच्या मुलाशी बोलताना ते मोडले. कॅमेरा नसता तर कोणास कळले नसते, हे खरे. पण कळले नसते म्हणून तो दोष नव्हता असे होत नाही. कॅमेऱ्याने माझा दोष निर्माण केला नाही. त्याने तो तालुकाभर पोहोचविला आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसास मोजावी लागली.

हाच या यंत्राचा खरा धोका आहे. आपण रस्ता पाहतो आणि ते यंत्र ऐकतही असते. बहुतेक डॅशकॅममध्ये ध्वनिमुद्रण असते आणि पुष्कळदा ते पहिल्यापासून सुरूच असते. गाडी ही आपल्या कुटुंबांची बैठकीची खोली झाली आहे. भावाभावांच्या वाटणीची बोलणी, मुलीच्या स्थळाबद्दलचे मत, डॉक्टरांनी सांगितलेले निदान, उद्या सोने घेऊन कोण कोठे जाणार, हे सर्व गाडीत बोलले जाते. ज्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे, त्याच्या नोंदीत आपण रोज कोणत्या वेळी दुकान बंद करतो आणि रोकड भरण्यास कोणत्या मार्गाने जातो, हेही असते. सराफ बंधूंनी याचा विशेष विचार करावा. गाडी दुरुस्तीस देताना किंवा विकताना कार्ड आतच राहिले, तर ही सर्व वही परक्याच्या हाती जाते.

बाहेरच्या माणसांचेही तसेच. गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते. रात्री गाडी शेजाऱ्याच्या दारासमोर उभी असेल, तर त्या घरी कोण आले, कोण गेले, याची नोंद आपल्याकडे होत राहते. शेजाऱ्याने ती परवानगी आपणास दिलेली नाही.

माणसांचेच कशाला? पांढरकवडा-टिपेश्वरच्या बाजूने येताना रस्ता ओलांडणारा वाघ कॅमेऱ्यात सापडला की तरुण मुले तारीख, वेळ, ठिकाण यांसह ते चित्रण पसरवितात. एप्रिल २०२१ मध्ये याच आमच्या मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गर्भार वाघिणीची निर्घृण हत्या झाली. वन्य जिवाचा ठावठिकाणा जगास सांगणे म्हणजे शिकाऱ्यासही सांगणे, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ.

कायदा काय म्हणतो

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यापुढे दीड वर्षाने लागू व्हावयाच्या आहेत.

या कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. त्यामुळे घरच्या गाडीतील, घरच्या उपयोगाचा कॅमेरा सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर राहतो. पण येथे व्यापारी कुटुंबांनी थांबून विचार करावा. पेढीच्या नावावरील मालवाहू गाडी आणि तिच्या पगारी चालकाकडे रोखलेला कॅमेरा यांस घरगुती म्हणता येणार नाही. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरण्याची मुभा कायदा देतो. पण ती माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पेढीवर येते आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. दंड राहू द्या. आपला चालक दिवसाचे बारा तास त्या गाडीत राहतो, तेथेच डबा खातो, तेथूनच घरी बोलतो. कॅमेरा आहे, तो काय टिपतो आणि ते कोण पाहतो, हे त्यास आधी सांगणे हा साधा प्रामाणिकपणा होय.

परदेशात या प्रश्नाचा निवाडा कसा झाला, हेही उद्बोधक आहे. जर्मनीत मॅग्डेबर्ग येथील दोन गाड्यांच्या धडकेचे प्रकरण त्यांच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेले. १५ मे २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की विनाकारण, अखंड चित्रण करीत राहणे हे तेथील विदा संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. तथापि अपघाताच्या दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून पाहता येईल. थोड्या थोड्या अवधीने पुसले जाणारे आणि धडक झाली तरच टिकून राहणारे चित्रण असते, तर आक्षेपास जागा कमी राहिली असती, असाही त्यांचा रोख होता. आपल्या कॅमेऱ्यात ती सोय आधीच आहे. आपण ती वापरावी एवढेच.

बँकेचा जुना नियम

चित्रण कोणास द्यावे आणि कोणास नाही, हा प्रश्न शेवटी घरातील माणसासच सोडवावा लागतो. त्यासाठी मला बँकेचाच एक जुना नियम उपयोगी वाटतो. १९२४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टूर्निए यांच्या खटल्यात ठरविले की बँकेने ग्राहकाची माहिती गुप्त ठेवलीच पाहिजे, अपवाद फक्त चार. कायद्याची सक्ती असेल तेव्हा, लोकहिताचे कर्तव्य असेल तेव्हा, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल तेव्हा, आणि ग्राहकाची संमती असेल तेव्हा. आम्ही हे चार अपवाद परीक्षेसाठी पाठ करीत असू.

कॅमेऱ्यास ते जसेच्या तसे लागू पडतात. न्यायालयाने किंवा तपास अधिकाऱ्याने कायदेशीर रीतीने मागितले, तर द्यावे. पळून गेलेल्या वाहनाचा क्रमांक आपणाकडे असेल, तर कोणी मागण्याची वाट न पाहता पोलिसांस द्यावा. आपल्यावरच खोटा आरोप किंवा दावा असेल, तर आपल्या बचावासाठी वापरावे. चित्रणातील माणसांची संमती असेल, तर हरकत नाही. या चारांत न बसणारे कोणतेही कारण, मग ती गंमत असो, संताप असो वा दुसऱ्याची फजिती, पुरेसे नव्हे. पुतण्याने ट्रकचे चित्रण पोलिसांस दिले असते, तर ते दुसऱ्या अपवादात बसले असते. मित्रांच्या समूहास दिले, ते कशातच बसत नव्हते.

याखेरीज आमच्या घरी आता पुढील नियम ठरले आहेत. आवाजाचे मुद्रण बंद. गाडीत आतल्या बाजूस रोखलेला कॅमेरा नाही. कार्ड लहान क्षमतेचे, म्हणजे जुने चित्रण आपोआप लवकर पुसले जाईल. कॅमेऱ्याच्या वायफायचा कंपनीने दिलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलायचा. घरासमोर गाडी उभी असताना चित्रण बंद. गाडी गॅरेजमध्ये जाताना कार्ड काढून कपाटात. पाहुण्यांस गाडीत बसवताना ‘समोर कॅमेरा आहे, आवाज बंद आहे’ असे सांगायचे. आणि कोणताही तुकडा घराबाहेर पाठविण्यापूर्वी घरातील दोन माणसांनी तो आरंभापासून अखेरपर्यंत पाहायचा. बँकेत मोठ्या रकमेस दोन सह्या लागतात, तसेच हे. यांस खर्च काहीच नाही.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. मी त्यांची क्षमा मागितली. संवत्सरीस आपण सर्वांस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, तेव्हा कोणत्या अपराधाची क्षमा मागतो आहोत, हे बहुधा आपणासही ठाऊक नसते. त्या दिवशी मला ते नेमके ठाऊक होते. मग मी त्यांस विचारले, “तुमची परवानगी असेल तर मी त्या दोघांकडे येतो. खाते पूर्ण फेडून तुम्ही ते सन्मानाने बंद केलेत, एवढेच सांगतो.” ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “एवढेच सांगा. त्यापुढे एक शब्द नको.” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बरोबर गेलो. मी तेवढेच सांगितले. एकाने उधारी पूर्ववत केली. दुसऱ्याने अद्याप केलेली नाही.

पुतण्याच्या गाडीत कॅमेरा अजूनही आहे. परवा वणीस जाताना त्याने पुन्हा एका नव्या गिऱ्हाइकाबद्दल विचारले. आवाज बंद होता, हे मला माहीत होते. तरीही मी त्यास म्हटले, “त्याच्याच दुकानात जाऊन, त्यालाच विचार.”